एक्लेक्टस पोपट: आणण्यापूर्वीची तयारी, आहार आणि रोजची निगा

एक्लेक्टसचं मूळ घर म्हणजे न्यू गिनी, मोलुक्का आणि सॉलोमन बेटं, आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला केप यॉर्कचा छोटा पट्टा. समुद्रसपाटीजवळची, वर्षभर दमट राहणारी उंच झाडांची जंगलं. नर हिरवागार, वरची चोच केशरी आणि टोकाला पिवळी. मादी लालभडक, छातीपोटावर निळा-जांभळा रंग, चोच काळी. दोघांत इतका फरक की युरोपातल्या अभ्यासकांनी बराच काळ त्यांना दोन वेगळ्या जाती समजून वेगवेगळी नावं दिली होती. गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईपासून लहान शहरांपर्यंत हा पक्षी हौशी लोकांच्या घरी दिसू लागला आहे, आणि त्याच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ एकच असतं: त्याला आपल्या नेहमीच्या पोपटासारखं वाढवलं जातं.

आपल्याकडे पोपट म्हटलं की मिरची, पेरूची फोड आणि वाटीभर सूर्यफुलाच्या बिया. एक्लेक्टस जंगलात मुख्यतः फळं, उंबराच्या कुळातली फळं, कळ्या, फुलं, कोवळी पानं आणि काही बिया खातो. म्हणजे पाणी भरपूर, तंतू भरपूर, चरबी कमी. त्याची मादी उंच झाडाची ढोली वर्षातले बरेच महिने, काही ठिकाणी नऊ-दहा महिनेसुद्धा, सोडत नाही. ती ढोली राखते आणि नर दूरवरून खाणं आणून तिला भरवतात. एकाच मादीला अनेक नर भरवत असल्याचं केप यॉर्कमध्ये ऑस्ट्रेलियातले पक्षी-अभ्यासक रॉबर्ट हाइन्सोन आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाहून नोंदवलं आहे. फळावर चालणारं पोट आणि ढोलीवर अडकलेलं मादीचं मन, या दोन गोष्टी धरून पुढचं सगळं वाचा.

कागदपत्रं आधी, पक्षी नंतर

भारतातले रानपोपट, म्हणजे नेहमीचा हिरवा पोपट, करण पोपट, तुईया किंवा सह्याद्रीतला निळ्या पंखांचा पोपट, पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. एक्लेक्टस विदेशी असल्याने ती बंदी त्याला नाही. पण तो साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी कायद्यानं बंधनकारक झाली. त्यासाठीचे नियम २०२४ मध्ये आले. पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत परिवेश २.० या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. तो अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो; महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो दगावला, तर तेही कळवावं लागतं.

विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागा: पावती, त्याच्या नावावर असलेल्या नोंदणीची प्रत, आणि पायातल्या कडीचा नंबर. कडी अखंड, बिनजोडाची हवी. अशी कडी पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असतानाच पायात जाते, नंतर पंजा मोठा होतो आणि ती चढत नाही. म्हणून ती पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याची खूण समजली जाते. कडी कापून पुन्हा दाबलेली दिसली, किंवा ‘कागद नंतर पाठवतो’ असं उत्तर आलं, तर व्यवहार तिथेच थांबवा.

पक्षी निवडताना

नर-मादी ओळखायला डीएनए चाचणी लागत नाही, पिसं फुटायला लागली की रंगच सांगतो. वयाचा अंदाज चोच आणि डोळ्यावरून घ्या. लहान पक्ष्यांची चोच तपकिरी-करडी आणि डोळे काळपट असतात. वाढलेल्या नराचे डोळे केशरी होतात, मादीचे पिवळसर. डीएनए चाचणीचे वाचलेले पैसे पीबीएफडी (चोच आणि पिसं बिघडवणारा विषाणूचा रोग) आणि क्लॅमिडिया (जिवाणूचा रोग) या दोन रोगांच्या चाचण्यांवर खर्च करा. पहिल्या रोगावर इलाज नाही. दुसरा माणसालाही होतो.

सिरिंजने भरवावं लागणारं पिल्लू ‘जास्त माणसाळतं’ म्हणून स्वस्तात गळ्यात मारलं जातं. ते घेऊ नका. भरवायची पेज ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान लागते. थंड झाली की गळ्यातल्या पिशवीत आंबते. ४३ च्या पुढे गेली की ती पिशवी आतून भाजते, आणि काही दिवसांनी मानेखाली भोक पडून खाणं बाहेर येतं. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेल्या पेजेत मधेच एखादा गरम गोळा राहतो आणि नेमका तोच घात करतो. पिल्लू स्वतःच्या चोचीने पूर्ण आहार घेऊ लागलं आहे आणि त्यानंतर दोन आठवडे त्याचं वजन टिकून आहे, हे पाहूनच आणा. एक्लेक्टस उशिरा सुटा होतो. चार-पाच महिन्यांचा पक्षी घेतला तर काही बिघडत नाही.

निरोगी पक्षी दोन्ही पायांवर भार देऊन बसतो, नाकपुड्या कोरड्या असतात, बुडाजवळची पिसं स्वच्छ असतात, आणि श्वास घेताना शेपूट वरखाली हलत नाही. घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला वेगळ्या खोलीत किमान ३० दिवस, जमलं तर ४५ दिवस ठेवा. आधी जुन्यांचं खाणं-पाणी, मग नव्याचं, आणि मध्ये हात साबणाने धुवायचे.

पिंजरा

एका पक्ष्यासाठी किमान ९० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल आणि १२० सेंमी उंच. उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण पक्षी आडवा उडतो. गजांमधलं अंतर २ ते २.५ सेंमी, त्याहून जास्त असेल तर डोकं अडकतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून जीआय जाळीचा पिंजरा करून घेणं. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा. पोपट चोचीने गजांवर चढतो, कंटाळला की तार चावतो आणि जस्ताचे कण पोटात जात राहतात. तहान वाढते, विष्ठा हिरवट पातळ होते, पक्षी अशक्त होतो, आणि कारण लक्षात येईपर्यंत महिने निघून जातात. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील किंवा चांगलं पावडर कोटिंग घ्या. पावडर कोटिंगचे पोपडे निघायला लागले की पिंजरा बदला. कुलूप आणि साखळ्याही स्टीलच्याच.

दांड्या सगळ्या एका जाडीच्या नकोत. २.५ ते ४ सेंमी जाडीच्या, साल असलेल्या, वाकड्यातिकड्या फांद्या चांगल्या. पेरू, चिंच, कडुनिंब, बाभूळ (काटे काढून) चालते. कण्हेर आणि रुई विषारी, त्यांच्या जवळपास जाऊ नका. रस्त्याकडेच्या किंवा फवारणी झालेल्या झाडाची फांदी आणू नका. आणलेली फांदी ब्रशने धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. दुकानात पिंजऱ्याबरोबर येणारी गुळगुळीत प्लास्टिकची दांडी काढून टाका. तळव्यावर एकाच जागी दाब येऊन फोड होतात.

पिंजरा भिंतीला एक बाजू लावून ठेवा, खोलीच्या मधोमध नको. स्वयंपाकघरात तर अजिबात नको. तळाला साधा वर्तमानपत्राचा कागद घाला आणि रोज बदला. भुसा घातला की विष्ठा दिसत नाही आणि दमट हवेत त्याला बुरशी येते.

खाणं

वर म्हटलेल्या पोटाचा प्रश्न इथे येतो. फक्त बियांवर वाढलेला एक्लेक्टस दोन-तीन वर्षं ठीक दिसतो. मग अ जीवनसत्त्वाची कमतरता डोकं वर काढते: सतत शिंका, डोळ्याखाली सूज, तोंडात पांढरट चट्टे, टाळूवरचे बारीक काटे बोथट होणं, पिसांचा रंग काळवंडणं. दुसऱ्या टोकाला, काळजीपोटी पाण्यात व्हिटॅमिनचे थेंब, वर रंगीत पेलेट (पक्ष्यांसाठीचं तयार गोळ्यांचं खाणं) आणि वर पावडर अशी तिहेरी भर घातलेल्या पक्ष्यांमध्ये वेगळीच लक्षणं दिसतात. पंजाची बोटं तालात उघडझाप करतात, दांडीवर टकटक आवाज येतो, पंख दर काही सेकंदांनी झटकले जातात. एक्लेक्टसला अ जीवनसत्त्व लागतं, पण ते भाजीतल्या केशरी रंगातून द्यायचं. शरीर त्यातून हवं तेवढंच बनवून घेतं, त्यामुळे अतिरेक होत नाही.

सुमारे ४५० ग्रॅम वजनाच्या एका पक्ष्याचा दिवसाचा हिशोब असा ठेवा. सकाळी ३० ग्रॅम भाजी-धान्याचं मिश्रण, १५ ग्रॅम फळ आणि मूठभर पालेभाजी. संध्याकाळी २० ग्रॅम मिश्रण आणि १० ग्रॅम फळ. बक्षीस म्हणून दिवसाला एक बदाम किंवा अर्धा अक्रोड, बस्स.

मिश्रण एकदाच करून ठेवता येतं. खालच्या मापात साधारण २५ दिवस निघतात:

- तांबडा भोपळा, सालासकट, ३०० ग्रॅम
- गाजर २०० ग्रॅम
- रताळं, उकडून, २०० ग्रॅम
- फरसबी किंवा मटार १५० ग्रॅम
- शेवग्याचा पाला १०० ग्रॅम
- शिजवलेले अख्खे मूग किंवा मसूर १५० ग्रॅम
- शिजवलेली ज्वारी, राजगिरा किंवा हातसडीचा तांदूळ १५० ग्रॅम

भोपळा आणि गाजर जाड किसणीवर किसा, बाकी बोटाच्या पेरापेक्षा लहान चिरा. मोठे तुकडे दिले की पक्षी रताळं वेचून खातो आणि उरलेलं खाली टाकतो. किसलेलं सगळ्याला चिकटतं आणि त्याला वेचता येत नाही. शिजवलेलं धान्य आणि डाळ चाळणीत पूर्ण निथळू द्या, पंख्याखाली पसरून गार करा, मगच मिसळा. ओलसर मिश्रण गोठवलं तर वितळताना त्याचा लगदा होतो आणि तासाभरात आंबतो. ५०-५० ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये ठेवा, आदल्या रात्री एक पुडी खालच्या कप्प्यात काढा. मीठ, तेल, फोडणी काहीही नाही.

फळ आणि पालेभाजी मात्र ताजीच. पपई, आंबा, डाळिंब, पेरू, अंजीर, चिकू, केळं आलटूनपालटून. डाळिंबाचा दाणा पायात धरून चोचीने रस पिळून घेणं हा एक्लेक्टसचा आवडता उद्योग, शिकवतानाही त्याचाच उपयोग होतो. पाल्यांत लाल माठ, मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला. पालक आठवड्यातून एकदाच, कारण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. सफरचंद, पेअर आणि सीताफळाच्या बिया काढून टाका. बीट चालतं, दुसऱ्या दिवशी विष्ठा लाल दिसली तर घाबरू नका.

बंद गोष्टी: अव्होकॅडो (पक्ष्यांना थेट जीवघेणं), चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, मद्य, फरसाण, बिस्किटं. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा विषारी असतो. द्यायचाच तर रात्रभर भिजवून, पाणी टाकून, प्रेशर कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवून. शेंगदाण्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशीचं विष असू शकतं आणि ते यकृतावर जातं, म्हणून शेंगदाणे न दिलेलेच बरे. कृषी केंद्रातलं पेरणीचं बियाणं कधीही वापरू नका, त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं.

मोड आलेले मूग-मटकी एक्लेक्टसला फार आवडतात. पण आपण उसळीला काढतो ते मोड शिजतात, पक्ष्याचे कच्चे राहतात, म्हणून स्वच्छता जास्त हवी. ८ तास भिजवा, पाणी टाका, तीनदा धुवा, स्वच्छ फडक्यात सैल बांधा. कोकणात किंवा पावसाळ्यात दर सहा तासांनी पुन्हा धुवा. मोड मेथीदाण्याएवढा दिसला की थांबवा, लांब मोडाची वाट पाहू नका. नाकाजवळ धरा: ओल्या मातीचा वास ठीक, जराही आंबूस किंवा चिकट लागलं तर फेकून द्या. देण्याआधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढा, गार करा.

वाटी उन्हाळ्यात दोन तासांनी आणि थंडीत चार तासांनी उचलायचीच, त्यात खाणं उरलं तरी. पाणी दिवसातून दोनदा बदला. हा पक्षी तोंडातलं फळ पाण्यात बुडवतो, त्यामुळे दुपारपर्यंत पाण्याचं सरबत होतं.

आधीचा मालक फक्त बिया देत असेल तर बदल एका दिवसात करू नका, पक्षी उपाशी राहील पण अनोळखी वाटीला तोंड लावणार नाही. तीन-चार आठवडे धरा. पहिल्या आठवड्यात सकाळी दोन तास फक्त मिश्रण, मग नेहमीच्या बिया. दुसऱ्यात बिया फक्त संध्याकाळी, दोन चमचे. तिसऱ्यात एक चमचा, त्याही मिश्रणात कालवून. रोज सकाळी, खाण्याआधी आणि पहिली विष्ठा झाल्यावर, ग्रॅममध्ये वजन दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घ्या आणि लिहून ठेवा. सुरुवातीच्या वजनापेक्षा ५ टक्के घट झाली तर एक पायरी मागे या. १० टक्के झाली तर डॉक्टर. ४५० ग्रॅमच्या पक्ष्यासाठी हे आकडे म्हणजे २२ आणि ४५ ग्रॅम.

बोटं टकटकणं किंवा पंख झटकणं सुरू झालं असेल तर त्याच दिवशी सगळी पावडर, थेंब, रंगीत पेलेट, ब्रेड आणि पाकिटबंद धान्य बंद करा. पण हे कॅल्शियम कमी झाल्याचंही लक्षण असतं, म्हणून रक्त तपासून घ्या. पक्षी दांडीवरून घसरत किंवा पडत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस कायम अडकवलेला असावा. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळतो, मऊ बाजू पक्ष्याकडे ठेवा. अंड्याचं कवच उकळून, वाळवून, पूड करून चिमूटभर मिश्रणावर टाकलं तरी चालतं.

मादी आणि अंधारा कोपरा

जंगलात चांगल्या ढोल्या फार थोड्या. काही पावसाच्या पाण्याने भरतात आणि अंडी-पिल्लं बुडतात. ज्या मादीला कोरडी ढोली मिळाली तिनं ती जिवाच्या कराराने राखायची, असाच तिचा पिंड घडला आहे. घरातही अंधारी, बंद, तिच्या मापाची जागा दिसली की मादीच्या लेखी ती ढोली. सोफ्याखालची पोकळी, अर्धवट उघडं कपाट, वॉशिंग मशीनच्या मागची फट, खोकं, हौसेने टांगलेला कापडी तंबू, काहीही पुरतं. ती तिथे शिरते, कागद कुरतडून त्याची लांब पट्टी करते, जवळ गेलं की घशातून खरखर आवाज काढते आणि मग चावते. याला लोक ‘मादी रागीट असते’ म्हणतात. तिचा स्वभाव बिघडलेला नसतो, तिला तुम्ही घरटं दिलेलं असतं.

पुढची पायरी अंडी. नर नसतानाही ती घालते, बहुधा दोन. एकदा चक्र सुरू झालं की काही माद्या वर्षात चार-पाच वेळा घालतात, कॅल्शियम हाडांतून ओढलं जातं आणि शेवटी अंडं अडकतं. ते टाळायचं तर अंडी दिसायच्या आधीच काम सुरू करावं लागतं:

१. पक्षी बाहेर असतो त्या खोलीतली प्रत्येक पोकळी बंद करा. जमिनीवर झोपून, पक्ष्याच्या उंचीवरून एकदा खोली बघा. उभ्याने न दिसणाऱ्या जागा तेव्हाच दिसतात.
२. तंबू, खोकी, नारळाची करवंटी पिंजऱ्यातून काढा. कुरतडायला उघडी फांदी आणि ताडाच्या झावळ्यांचे तुकडे द्या.
३. उजेड दिवसाला १० तासांवर आणा. रात्री टीव्हीच्या खोलीत ठेवू नका.
४. कोमट, मऊ खाणं, काजू-बदाम आणि गोड फळं काही आठवडे कमी करा. जंगलात भरपूर मऊ फळ म्हणजे पिल्लांचा हंगाम.
५. हात फक्त डोक्यावर आणि मानेवर. पाठीवरून किंवा पंखाखाली कुरवाळणं तिला जोडीदाराचा स्पर्श वाटतो.
६. तरीही चाळे थांबले नाहीत तर पिंजऱ्याची जागा बदला, आतल्या दांड्यांची मांडणीही.

अंडं घातलंच तर लगेच उचलू नका. उचललं की ती त्याची जागा भरायला दुसरं घालते. त्याच मापाची प्लास्टिकची खोटी अंडी ठेवा, खरी काढून घ्या, आणि तिला महिनाभर बसू द्या. उबवण्याचा काळ साधारण २८ दिवसांचा असतो. तो उलटला की ती स्वतःच कंटाळून उठते, मग खोटी अंडी काढा. या काळात खाणं-पाणी तिच्या जवळ ठेवा, कारण भरवायला नर नाही आणि ती उठायला राजी नसते.

मादी फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, शेपूट वरखाली हलते, कळा दिल्यासारखं करते आणि काही बाहेर येत नाही, ही तातडीची वेळ. बाजूंना भोकं पाडलेल्या खोक्यात टॉवेल, एका बाजूला कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून, ३० अंशांच्या आसपास ऊब आणि जवळ पाण्याची वाटी. थेट डॉक्टर. पोट दाबणं, तेल लावून अंडं ओढणं यात अंडं आत फुटतं आणि पक्षी जातो.

नर-मादी जोडी ठेवायचा विचार असेल तर दोन पिंजरे ठेवा आणि भेट नजरेखालीच होऊ द्या. या जातीत हुकूम मादीचा चालतो. नराला खाण्याच्या वाटीजवळ न येऊ देणं, पंजे चावून रक्तबंबाळ करणं हे नेहमीचं. नराच्या पळण्याला जागा नसेल तर जखम जीवघेणी ठरते.

घरातले धोके

छताचा पंखा हा भारतीय घरातला पोपटांचा पहिला शत्रू. पक्षी बाहेर असताना पंखा बंद, आणि स्विचवर चिकटपट्टी, म्हणजे पाहुणा सवयीने लावणार नाही. नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या लेपाचा वायू काही मिनिटांत पक्ष्याला मारतो, वासही येत नाही. घरात पक्षी असेल तर लोखंडी तवा वापरा; अनेक एअर फ्रायर आणि इस्त्र्यांवरही तोच लेप असतो. उदबत्ती, धूप, कापूर, मच्छर कॉइल, लिक्विड रिपेलंट, रूम फ्रेशनर: पक्ष्याच्या खोलीत यातलं काही नको. डासांसाठी खिडकीला जाळी लावा. दिवाळीच्या दिवसांत आतली खोली, बंद खिडक्या, पडदा आणि रात्रभर मंद दिवा, नाहीतर दचकून अंधारात उडालेला पक्षी गजांवर आपटतो.

पडद्याच्या काठातली वजनं, जुना रंग आणि सोल्डर यांत शिसं असू शकतं. उघडी बादली आणि कमोडचं झाकण विसरू नका.

हवा, पाणी, ऊन

रोज सकाळी कोमट पाण्याचा बारीक फवारा वरून पावसासारखा पडू द्या, चेहऱ्यावर मारू नका. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेमध्ये दोनदा. पिसं संध्याकाळच्या आत वाळली पाहिजेत. तोंड उघडं ठेवून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं म्हणजे उष्मा चढला. सावलीत आणा, पाय साध्या पाण्यात भिजवा, बर्फ लावू नका. एसी चालतो, पण झोत अंगावर नको. मुंबई-कोकणच्या पावसात प्रश्न उलटा: दमट हवा पक्ष्याला मानवते, पण खाण्याला, कागदाला आणि लाकडाला बुरशी लागते आणि ती फुप्फुसात जाते. जून ते सप्टेंबर तळाचा कागद दिवसातून दोनदा बदला, ओल धरलेली फांदी बाहेर काढा. नाशिक-पुण्याच्या थंडीत पारा १२ च्या खाली गेला की पिंजरा खिडकीपासून दूर घ्या आणि तीन बाजूंनी चादर टाका.

ड जीवनसत्त्वासाठी ऊन लागतं आणि खिडकीच्या काचेतून त्याचा उपयोगी भाग येत नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस, नऊच्या आधी, गच्चीत किंवा बाल्कनीत पिंजऱ्यासकट २० मिनिटं; अर्धा पिंजरा सावलीत. बाजूला बसून राहा. घार आणि मांजर गजातूनही पंजा मारतात.

शांत पक्षी म्हणजे खूश पक्षी नव्हे

काकाकुवा घाबरला की ओरडतो. एक्लेक्टस घाबरला की गोठतो: पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान ताठ, नजर एका जागी, हालचाल नाही. पहिल्या आठवड्यात हातावर असा बसलेला पक्षी ‘किती पटकन माणसाळला’ म्हणून घरभर फिरवला जातो आणि दोन-तीन महिन्यांनी छातीची पिसं उपटायला लागतो. सैल पिसं, एक पाय वर घेणं, तुमच्यासमोर खाणं, चोचीचे वरचे-खालचे भाग एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज, या खुणा दिसल्यावरच पुढे जा. हातावर घेण्याचा सराव दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. हात पोटाच्या खालच्या भागाजवळ स्थिर, दुसऱ्या हातात डाळिंबाचा दाणा. पक्ष्याने मागे पाऊल घेतलं की हात मागे.

पिसं उपटायला लागला तर फवारे आणि गळपट्ट्या शोधण्याआधी क्रमाने तपासा: आहार, झोपेचे तास, मादी असेल तर अंधाऱ्या जागा, रोज बाहेर येण्याचा वेळ, आणि मग रक्त व विष्ठेची तपासणी.

डॉक्टरकडे नेताना

पक्षी आणण्याआधीच विदेशी पक्षी पाहणारा पशुवैद्य शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर पोपटाचं रक्त काढू शकत नाही. वर्षातून एकदा तपासणी करून घ्या. पोपट आजार लपवतो, म्हणून पिसं फुगवून बसणं, डोळे अर्धे मिटणं, आवाज बदलणं किंवा वजन घटणं यांपैकी एकही गोष्ट दिसली की त्याच दिवशी दाखवा. एक्लेक्टसची विष्ठा फळांमुळे इतर पोपटांपेक्षा मोठी आणि ओलसर असते, त्यावरून हगवण ठरवू नका. घट्ट भागाचा रंग आणि आकार बदलला का ते पाहा.

वाढत्या पिसाची नळी मोडून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. तीन-चार मिनिटांत थांबलं नाही तर निघा. नेताना लहान कॅरियर वापरा, दांडी खाली लावा किंवा काढून टाका, तळाला पांढरा कागद घाला, म्हणजे प्रवासातली विष्ठा डॉक्टरांना जशीच्या तशी दिसेल. पाण्याऐवजी काकडी किंवा पपईची फोड ठेवा. बरोबर वजनाची वही, खाण्याचा आणि पिंजऱ्याचा फोटो, नोंदणीची प्रत आणि घरात वापरलेल्या प्रत्येक थेंबा-पावडरीची बाटली घ्या.